मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं. शाळेशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांची बायको शाळेची व्हॅन चालवायची. तरी गॅरेजांच्या त्या गल्लीत सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे, कारण गाडीने केलेला आगाऊपणा त्यांना खपत नसे. इंजिनाला ते हात लावत नसत. रंग, गाद्या, दिवे, काचा हे सगळं त्यांच्या लेखी नट्टापट्टा. ते फक्त ब्रेक करायचे, तेही जुन्या गाड्यांचे. त्या गाड्यांना लोक आता कौतुकाने क्लासिक म्हणतात. मास्तर सरळ म्हातारी म्हणायचे.

"गाडी पळते किती, हे माणूस घेतानाच विचारतो," ते म्हणायचे. "थांबते का, हे विचारायला आधी आपटावं लागतं."

हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं, की शेजारचा लेथवाला जुना दोस्त असूनही ते सुरू झालं की मशीन चालू करायचा.

बोलणं सोडा, काम बघावं. जुन्या गाडीत चारही चाकांना ड्रम, ड्रमच्या आत दोन-दोन अर्धगोल शू. पायाने पेडल दाबलं की शू फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून धरतात. एवढं कोणालाही समजतं. खरी गोम पुढे आहे. गाडी थांबायला लागली की तिचा भार पुढच्या चाकांवर येतो, बसने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे येतात तसा. म्हणून पुढच्या चाकांनी जास्त ओढून धरायचं आणि मागच्यांनी कमी. मागच्यांनी आधी धरलं, तर ती जाम होऊन घसरतात आणि गाडीची शेपूट तोंडाच्या पुढे निघून जाते. नव्या गाड्यांत हा हिशेब गाडीच करते. म्हाताऱ्यांत तो करायला मास्तर लागायचे. कुठे शूवरचा लायनर घासायचा, कुठे शू एक खाच सैल सोडायचा, शू फाकवणारा सिलिंडर कोणत्या मापाचा बसवायचा, हे त्यांच्या बोटांत होतं.

"पुढच्याने थांबवायचं, मागच्याने सांभाळायचं," ते म्हणायचे. "मागच्याला पुढारी व्हायची घाई झाली की संसार फिरला." असं म्हणताना ते बायकोकडे बघायचे, आणि बायको दुसरीकडे बघायची.

हिशेब जुळला की नाही, हे ठरवायची त्यांची एकच रीत होती. काम झालं की गाडी शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर न्यायची. तिथे उजव्या पायातली चप्पल काढायची, तळवा फडक्याने स्वच्छ पुसायचा आणि अनवाणी पायाने पेडल दाबायचं. आधी हळू, मग मध्यम, मग एकदम. मग ते दोनच निकाल द्यायचे. "ऐकते" किंवा "ऐकत नाही". ऐकत नसली तर गाडी परत शेडमध्ये, मग मालक कितीही घाईत असो. गल्लीतली पोरं थट्टा करायची की मास्तरांच्या पायाचा वेगळा विमा काढला पाहिजे. मास्तरांना ही थट्टा आवडायची. मनातून त्यांनाही तसंच वाटायचं.

मास्तरीणबाईंची गोष्ट वेगळी. सकाळी आणि दुपारी गाडीभर पोरं पोचवायची, मधल्या वेळात नवऱ्याला डबा आणून द्यायचा, आणि तो जेवत असताना व्हॅनच्या ब्रेकची तक्रार करायची. "सगळ्या जगाचे ब्रेक करता आणि माझ्या व्हॅनचं पेडल पार खाली जातं. दिव्याखाली अंधार." मास्तर घास चावत म्हणायचे, "बघतो." आणि खरंच बघायचे, पण तीन तक्रारी झाल्याशिवाय नाही. एवढा मान त्यांना आपल्या घरात राखायचा होता.

आता खरं काय ते सांगून टाकलं पाहिजे. गेल्या थंडीपासून मास्तरांच्या त्या लाखमोलाच्या पायाला काहीतरी झालं होतं. सुरुवातीला तळव्याला जाड मोजा घातल्यासारखं वाटायचं. मग एकदा गल्लीतून चालताना पायातली चप्पल मागे राहिली आणि मास्तर तसेच पुढे चालत गेले. लेथवाल्याने हाक मारून चप्पल हातात दिली तेव्हा दोघेही हसले. मास्तर जरा जास्तच हसले. त्या दिवसापासून ते प्रत्येक पेडल आधीपेक्षा जोरात दाबायला लागले, कारण जोरात दाबलं की गुडघ्यापर्यंत काहीतरी पोचायचं. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरला नाही, दोस्ताला नाही, बायकोला तर मुळीच नाही. पाय गेला तर मास्तर कसले, हा प्रश्न त्यांना शेडमध्ये काम करताना मध्येच पडायचा, आणि मग ते उगाच मोठ्याने खाकरायचे.

अशातच दातांच्या डॉक्टरांची गाडी आली. साय रंगाची, चार दारांची, वडिलांच्या मागे राहिलेली. डॉक्टर स्वभावाने इतके मऊ, की दात काढतानाही आधी त्यांनाच दुखत असावं असं वाटायचं. त्यांना गाडीचं वेड वगैरे काही नव्हतं. त्यांच्या आईला त्याच गाडीतून फिरायला आवडायचं, आणि तेही मागच्याच सीटवर. "पुढे बसले की हा रस्ता सोडून माझ्याकडे बघतो," असं तिचं म्हणणं. नवरा गाडी चालवायचा तेव्हाही ती मागेच बसायची. तिथून माणसाची मान बरोबर दिसते, आणि माणूस खोटं बोलत असला की मानेवरून कळतं, असंही ती सांगायची.

मास्तरांनी चारही चाकं उघडली. शूंना नवे लायनर लावले, सिलिंडर बदलले. ज्यावर हे सगळं बसतं त्या पुढच्या दोन पत्र्याच्या बॅक प्लेटा गंजल्या होत्या, त्या घासून रंगवायला पाठवल्या. त्या काळ्या कुळकुळीत होऊन आल्या आणि मास्तरांनी बसवल्या. एका बाजूचा ऑइलचा पाइप जरा ताणून वळवावा लागला. नवा आहे, ताठ आहे, असं म्हणून त्यांनी तो बसवून टाकला. मग मैदान, अनवाणी पाय, पेडल.

"ऐकते," मास्तर म्हणाले.

थोड्याच दिवसांनी, रिमझिम पडत असताना, बाजाराच्या वळणावर समोर सायकलवाला आला म्हणून डॉक्टरांनी ब्रेक दाबला. पुढचं काही त्यांना नीट सांगता आलं नाही. गाडीची मागची बाजू निघाली, दुकानं डोळ्यांसमोरून फिरली, आणि गाडी आली त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. सायकलवाला वाचला. डॉक्टरांच्या आईचा चष्मा फुटला आणि कपाळाला टेंगूळ आलं. नशीब थोर म्हणून एवढ्यावर निभावलं.

डॉक्टरांनी गाडी गोगलगाईच्या चालीने शेडपर्यंत आणली. मास्तरांनी मनाची तयारी केली होती. शिव्या खाण्यातही एक सोय असते, माणसाला गप्प बसता येतं. पण डॉक्टर म्हणाले, "मास्तर, माझाच पाय जोरात पडला असेल. तुमच्या कामात खोट असणार नाही. तरी एकदा बघता का? मी सध्या आईला बाहेर नेत नाही. मलाच भीती वाटते."

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं.

मागची चाकं आधी जाम झाली, म्हणजे मागचे ब्रेक जास्त धरतात, हे उघड होतं. मास्तरांनी मागचे शू दोन-दोन खाचा सैल सोडले. पुढचे उघडून बघायचं त्यांच्या मनात आलंच नाही असं नाही. आलं, आणि त्यांनी ते झटकून टाकलं. पुढच्यांना त्यांच्या पायाने पास केलं होतं. पुढचे उघडायचे म्हणजे पायावर संशय घ्यायचा, आणि त्या संशयाच्या मागे काय उभं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो सगळा प्रकार झाला.

मास्तरीणबाई डबा घेऊन आल्या तेव्हा मास्तर गाडी बाहेर काढायच्या बेतात होते. "चल मैदानापर्यंत," ते म्हणाले. "तिथेच जेवतो." बाई डबा मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. मास्तरांनी चप्पल काढली, गाडी शेडमधून उलटी बाहेर घेतली आणि रस्त्याच्या कडेला ब्रेक दाबला. गाडी खिळा ठोकल्यासारखी थांबली. बाईंची मान मागे हिसकली आणि डबा पोटात बसला.

"अहो, हळू."

"सवय नाही तुला चांगल्या ब्रेकची," मास्तर म्हणाले.

मैदानावर त्यांनी गाडी सरळ पळवली आणि पाय दाबला. गाडी थांबली. फिरली नाही, घसरली नाही. मास्तरांनी समाधानाने मान हलवली. "बघितलंस? मागचे सैल केले आणि वळणावर आली. सरळ थांबली की नाही?"

"थांबली कुठे?" बाई म्हणाल्या. "दमून उभी राहिली."

"काहीतरी बोलू नकोस."

"मी काहीतरी बोलत नाही. उलटी नेलीत तेव्हा माझी मान तुटायची वेळ आली, आणि सरळ नेलीत तर मांडीवरचा डबासुद्धा हलला नाही. गाडी मागे मागे जायलाच केली आहे का तुम्ही?"

मास्तर काहीतरी उत्तर द्यायला वळले आणि तसेच राहिले. उलटी जाताना नीट थांबते, सरळ जाताना थांबत नाही. असं करणारा जगात एकच दोष होता आणि तो त्यांना पाठ होता. या गाडीचे पुढचे शू अशा रीतीने बसवलेले असतात, की चाक पुढे फिरत असलं की ड्रम त्यांना आपल्याकडे ओढून घेतो आणि पकड दुप्पट होते. डावीकडची प्लेट उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे बसली, तर हेच सगळं उलटं होतं. दिसायला काही फरक नाही. शिकाऊ लोक ही चूक करतात. मास्तरांनी ती दुसऱ्यांच्या कामात कितीदा पकडली होती, आणि पकडून किती हसले होते.

त्यांनी गाडी पुन्हा उलटी घेतली, पुन्हा दाबलं. पुन्हा डबा पोटात.

"आता कळलं, पुरे," बाई म्हणाल्या. "सरका. मला बसू द्या जरा."

मास्तर उतरून पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले. बाई आतल्या आत सरकून चालकाच्या सीटवर गेल्या, गाडी थोडी पळवली आणि ब्रेक दाबला. मग परत दाबला.

"हे पेडल आहे की दगड? पायात गोळा आला माझ्या. हे तुम्हाला कळलं नाही?"

मास्तर समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले. बाईंनी खाली पेडलकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज बदलला.

"हे रक्त कुणाचं आहे?"

पेडलच्या रबरावर लाल ओल होती. खालच्या मॅटवर थेंब होते. मास्तरांनी आपला उजवा पाय उचलून बघितला. तळव्यात, अंगठ्याच्या खालच्या मांसल भागात, लायनर शूला ठोकायचा एक पितळी रिव्हेट रुतून बसला होता. सकाळी दुसऱ्या एका गाडीचे जुने लायनर काढताना उडून चपलेत गेलेला. सकाळपासून ते त्याच्यावर चालत होते, त्याच पायाने ब्रेक दाबत होते.

बाई उतरल्या, वळसा घालून आल्या, दार उघडून खाली बसल्या आणि त्यांनी तो पाय मांडीवर घेतला. रिव्हेट नखांनी धरून ओढला. मास्तर दुसऱ्या कोणाच्या तरी पायाकडे बघावं तसे बघत होते. काही दुखलं नाही. आयुष्यात इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"थंडीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तू मला ब्रेकला पाय लावू दिला असतास?"

"नसता."

"म्हणून."

बाईंनी पदराच्या टोकाने तळवा पुसला. त्यांना खूप बोलायचं होतं, एरवी त्या बोलल्याही असत्या, पण डोळ्यांतलं पाणी आधी आलं आणि त्याचाच त्यांना राग आला. "ताकाला जाऊन भांडं लपवायची तुमची जुनी खोड," एवढंच त्या म्हणाल्या. डबा त्या दिवशी कोणी उघडला नाही.

दवाखान्यात जे सांगायचं ते सांगितलं गेलं. साखर वाढली आहे, कधीपासून वाढली आहे कोण जाणे. गोळ्या नेमाने घ्या. गेलेली जाणीव बहुतेक परत येणार नाही, राहिलेली सांभाळा. आणि अनवाणी पाऊल जमिनीवर टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही. मास्तरांनी यातल्या शेवटच्या वाक्यावर फक्त मान खाली घातली. त्यांच्यासाठी बंद बूट आणले गेले, त्यांत त्यांना परक्याच्या घरी आल्यासारखं वाटायचं.

शेडमध्ये परत आल्यावर त्यांनी पुढची चाकं उघडली. डाव्या प्लेटच्या मागे पंचने एक ठिपका मारून ठेवायची त्यांची पद्धत होती. उजव्या बाजूच्या प्लेटवरचा काळा रंग नखाने खरवडला, तर त्याखाली तो ठिपका होता. रंगाने बुजला होता, पण होता. प्लेट बसवण्याआधी खरवडून बघायला कितीसा वेळ लागला असता. पण बऱ्याच वर्षांत मास्तरांनी खूण शोधली नव्हती. पाय आहे ना, चुकलं तर पाय सांगेल, असा त्यांचा खाक्या होता. ताणून वळवावा लागलेला तो पाइपही त्यांना सांगत होता. त्याचंही त्यांनी ऐकलं नव्हतं.

प्लेटा अदलाबदल करून सगळं गुपचूप नीट करता आलं असतं. डॉक्टरांना काय कळणार होतं? मागचे जरा जास्त धरत होते, सैल केले, असं म्हटलं असतं तर त्यांनी आभारच मानले असते. मास्तरांनी तसं म्हणूनही पाहिलं, एकट्याने, ड्रमकडे बघत. पण ते वाक्य त्यांच्याच कानांना पटेना. आपलाच पाय जोरात पडला असेल, असं मनात धरून तो माणूस आपल्या आईला घरात बसवून राहिला होता.

डॉक्टर आले तेव्हा आईही बरोबर होती, नव्या चष्म्याने. मास्तरांनी त्यांना दोन्ही प्लेटा दाखवल्या, ठिपका दाखवला, आणि बूट काढून पायही दाखवला. "तुमचं काही चुकलं नव्हतं," ते म्हणाले. "चूक माझी. पायाला काही कळत नव्हतं, आणि कळतंय असं मी म्हणालो."

डॉक्टरांनी वाकून तो पाय बघितला. राग त्यांच्या चेहऱ्यावर आला, हे मास्तरांना दिसलं, आणि तो गिळताना त्यांना पडलेले कष्टही दिसले. मग त्यांनी सरळ विचारलं, "आता नीट बसवाल. पण ऐकते की नाही, हे कोण सांगणार?"

लेथवाल्याने मशीन बंद केलं होतं, तोही दारात येऊन उभा होता. "दुसरीकडे न्या," मास्तर म्हणाले. "मी आता हे काम ठेवत नाही." हे वाक्य त्यांनी ठरवून आणलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्यांना कळलं की ते खरं आहे, आणि ते जवळच्या टायरवर बसले.

"मी सांगेन," मास्तरीणबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. बाई व्हॅनची किल्ली बोटात फिरवत उभ्या होत्या.

"व्हॅन चालवणं वेगळं आणि हे वेगळं," मास्तर म्हणाले.

"वेगळं तर आहेच. माझ्या मागे गाडीभर पोरं दंगा करत असतात, निम्मी उभी असतात, आणि मी ब्रेक मारला तर एकाचंही दप्तर सीटवरून खाली येत नाही. तुमच्या म्हाताऱ्या रिकाम्या पळतात. आणि पेडल दगड झालंय हे कुणी सांगितलं होतं?"

"बरोबर बोलते ती," डॉक्टरांची आई म्हणाली. मास्तर गप्प बसले. बायकोचं खरं असलं की गप्प बसायचं, एवढं ते लग्नात शिकले होते.

प्लेटा आपापल्या जागी गेल्या. पाइप या वेळी न ताणता बसला. मागचे शू, जे उगाच सैल केले होते, ते परत मापात आले. मग सगळी वरात मैदानावर गेली. लेथवाल्याने कॅनने पाणी आणून एक लांब पट्टा ओला केला. बाईंनी उजव्या पायातली चप्पल काढून शेजारच्या सीटखाली सारली आणि तळवा फडक्याने पुसला. हे करताना त्या मास्तरांकडे बघत नव्हत्या. मास्तरांनीही दुसरीकडे बघितलं.

आधी कोरड्यावर हळू, मग जोरात. मग ओल्यावर हळू. सगळं सरळ झालं. पुन्हा जोरात जायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांच्या आईने मागचं दार उघडलं आणि ती आत जाऊन बसली.

"आई, तू कशाला?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मागे माणूस बसणार असेल तर माणूस बसवूनच बघायला पाहिजे. रिकाम्या गाडीचं मला काय करायचंय?"

मास्तर म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. मागे वजन आलं की हिशेब बदलतो." डॉक्टरांनी आईकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, मग मुकाट्याने दार लावून तेही तिच्या शेजारी बसले.

मास्तर ओल्या पट्ट्याच्या कडेला बुटांत उभे होते. गाडी मैदानाच्या टोकाहून वळली आणि वेग घेत त्यांच्या दिशेने आली. पट्ट्यावर चाकं आली आणि बाईंनी ब्रेक दाबला. गाडीचं नाक हळूच खाली झुकलं. मागचा भाग जरासा उचलला गेला, पण रेघ सोडली नाही. चाकं फिरत फिरत मंद झाली, आणि गाडी मास्तरांच्या समोर येऊन थांबली. मग तिने नाक परत वर केलं.

मास्तर बघतच राहिले. इतकी वर्षं गाड्या थांबवल्या, पण आपण थांबवलेली गाडी थांबताना कशी दिसते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कसे, ते कायम आत असायचे. त्यांना फार आनंद झाला आणि त्याच वेळी फार वाईट वाटलं, आणि दोन्हीपैकी कशासाठी डोळे भरून आले हे त्यांना सांगता आलं नसतं.

"ऐकते का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पेडल परत दाबून बघितलं. "ऐकते. पण मागचं डावं जरा आधी धरतं."

"काही धरत नाही," असं मास्तरांच्या तोंडावर आलं होतं. पण त्यांनी खाली बघितलं. ओल्या मातीवर मागच्या दोन चाकांच्या खुणा होत्या. डावीकडची शेवटी शेवटी जरा पुसट पसरली होती, उजवीकडची होती तशीच. मागे बसून डॉक्टरांनी आईचा हात घट्ट धरला होता. आई म्हणत होती, सोड, बांगडी रुततेय.

मास्तरांनी पाना घेतला आणि ते गाडीखाली सरकले. मागच्या डाव्या चाकाच्या प्लेटमागे हात घालून त्यांनी एक खाच सैल केली. एकच. बोटांना सगळं कळत होतं, बोटं अजून शाबूत होती.

"आता दाब," ते खालून म्हणाले.

"दाबलं."

"नुसतं दाबलं म्हणू नकोस. पायाला कसं लागतं ते सांग. नीट सांग."

वर पेडल सुटल्याचा आणि पुन्हा दाबल्याचा आवाज आला. बाई विचार करत होत्या. "आधी थोडं मऊ लागतं," त्या म्हणाल्या. "मग खालून कुणीतरी तळवा हातात घेतल्यासारखं. घट्ट नाही, पण सोडतही नाही."

मास्तरांनी गाडीखाली डोळे मिटून घेतले.

"हो," ते म्हणाले. "तसंच लागतं."